छाटणीची तारीख

गावच्या विकास सोसायटीच्या गोदामाच्या छतावर पाऊस मोजायचं नळकांडं बसवलंय आणि जिन्याची किल्ली माझ्याकडे असते. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा शाल, नारळ आणि ही किल्ली मिळाली. रोज सकाळी साडेआठला वर जायचं, पाणी मोजायचं, वहीत मिलिमीटर लिहायचे. समोरचं पान कोरं राहायचं, ते बघवेना. म्हणून त्यावर वाडीची नोंद ठेवू लागलो. द्राक्षबाग कुणी कोणत्या तारखेला छाटली, कुणाला विचारून छाटली, आणि कुणालाच विचारलं नाही असं कोण सांगत फिरला. अकरा वर्षं झाली. डावं पान आभाळाचं, उजवं माणसांचं. खाडाखोड सगळी उजव्या पानावर.

ऑक्टोबरची छाटणी म्हणजे आमच्याकडं वर्षाचा निकाल. काडी कापायची, तिच्यावरच्या डोळ्यांना, म्हणजे अंकुरांना, फुटीची पेस्ट लावायची, की बारा-चौदा दिवसांत डोळा फुटून कोंबाचा पोंगा बाहेर येतो. त्या पोंग्यातच इवला घड दडलेला असतो. नेमका तेव्हा पाऊस बसला तर पोंग्यात पाणी राहतं, घड जिरतो, आणि मग वर्षभर मांडवावर नुसता पाला. म्हणजे कात्री आज चालवायची आणि आभाळ ओळखायचं पंधरा दिवसांनंतरचं.

यंदा दसरा झाला तेव्हा ऊन पडलं, पण ते ऊन काही बरं नव्हतं. पाठीवर ओलं फडकं टाकल्यासारखं वाटायचं. वारा फिरायला हवा होता, तो पूर्वेलाच चिकटून राहिला. दिवस मावळताना इंदापूरच्या अंगाला, लांब, आवाज न करता वीज हलायची.

वाडीतल्या मल्हारनं त्याच्या हवामानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं : पाच ते बारा उघडीप, पंधरानंतर बंगालच्या उपसागरात हालचाल, पावसाची शक्यता. ग्रुपात तीनशे माणसं. टपरीवर त्याला बघितल्याबरोबर एकानं विचारलं, "उपसागरात हालचाल हाय म्हणं. तुझ्या डोक्यात कधी व्हायची?" सगळे हसले. मल्हारही हसला. त्याचे अंदाज दहातले सहा बरोबर येतात, हे माझ्या वहीत आहे. पण वाडीला सहावर विश्वास ठेवता येत नाही. वाडी बघते आबासाहेबांच्या बांधाकडं. आबांनी कात्री लावली की दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या कात्र्या निघतात. त्यांना विचारलं तर ते मिशीवरून हात फिरवतात आणि "बघू" म्हणतात. 'बघू' या एका शब्दावर माणूस एवढा मोठा झालेला मी दुसरा पाहिला नाही.

चार तारखेला कुशाबाई गोदामापाशी आल्या. आबांच्या बांधाला बांध लागून त्यांची दीड एकर बाग. नवरा, गेणबा, दोन वर्षांपूर्वी गेला. बाग त्यानं लावलेली, मांडवाचे दगडी खांब त्यानं स्वतः उभे केलेले. गेल्या वर्षी घड जिरले होते.

"मास्तर, वहीत काय निघतंय?"

"वहीत मागचं निघतं, वैनी. पुढचं नाही."

"मागचंच सांगा की."

"अकरा वर्षांत सहा वेळा पंधरा ऑक्टोबरनंतर पाऊस झालाय."

त्या पायरीवर टेकल्या. "इशाल दसऱ्याला आल्ता. सरळ म्हणला, डिसेंबरात येतो आन मांडवाखाली उभा ऱ्हातो. घड दिसलं तर बाग ठेवू. न्हाय दिसलं तर जेसीबी घालतो आन ऊस लावतो." पदर सारखा करत म्हणाल्या, "खांब उपटून बांधाला टाकणार म्हणं. त्येंनी रोवल्यालं खांब."

मुलगा विशाल पुण्यात नोकरीला. त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. दर रविवारी येऊन बाग होत नाही.

पाच तारखेला सकाळी आबांच्या बागेत म्हस्कूची छाटणीची टोळी शिरली. वीस कात्र्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. दुपारी टपरी ओस पडली आणि तिन्हीसांजेपर्यंत आठ बागांची छाटणी सुरू झाली. त्यातली एक माझी, वीस गुंठ्यांची. मी तेव्हा स्वतःला शहाणा समजत होतो, हे उजव्या पानावर नोंदवायला हरकत नाही.

संध्याकाळी नोंद करता करता मागची पानं चाळली. आबा आणि गेणबा, दोघांच्या तारखा दर वर्षी शेजारी शेजारी. कधी आबा एक दिवस आधी, कधी गेणबा. गेणबा गेल्यावरही तसंच, फक्त नाव कुशाबाईंचं. दोघांतला एक बघणारा असणार आणि दुसरा बघून करणारा. पण कोण कोणता, ते वहीत लागेना. मला असलं न सुटलेलं सहन होत नाही. चप्पल घातली आणि आबांच्या बागेत गेलो.

"आबा, पाच तारीख कशी काय काढलीत?"

आबांचा हात मिशीकडं गेला. मी हललो नाही. शेवटी ते हळू म्हणाले, "कुणाला बोलू नगा, मास्तर. कुशावैनीनं टोळी ठरवल्याचं कळलं. गेणबाचा हात चुकत न्हवता. घरात त्येनं काय तरी सांगून ठिवलं आसंल."

तिथून कुशाबाईंकडं. त्या उद्याच्या टोळीसाठी भाकरीचं पीठ मळत होत्या.

"वैनी, उद्याचीच तारीख का?"

"आबानं कात्री लावायची ठरवली म्हणून. म्हस्कूच सांगून गेला की."

"आणि गेणबा कशावरून ठरवायचा?"

"ते?" त्या हसल्या. "ते सकाळी उठून आबाच्या बांधावर नजर टाकायचं. आजून सुरू न्हाय, म्हणून परत येऊन बसायचं."

अकरा वर्षं दोन बांध एकमेकांकडं बघत होते. सतरा बागा त्या दोघांकडं बघत होत्या. वर कुणीच बघत नव्हतं.

म्हस्कू कालव्याच्या पुलावर ट्रॅक्टरला टेकून तंबाखू मळत होता. मी विचारल्यावर तो लाजला नाही, हे त्याच्या बाजूनं लिहितो.

"मास्तर, आठ तारखेला मला इंदापूरकडं जायचंय, शब्द दिलाय. आबाला म्हणलं तारीख द्या, तर बघू. कुशामावशीला म्हणलं, तर म्हणत्यात आबा काय करतोय? चार दिस टोळी बसून खाती माझी. मग ह्येला सांगितलं मावशी करत्यात, तिला सांगितलं आबा करतोय." त्यानं चिमूट दाढेखाली धरली. "कुनी तारीख दीना, म्हणून म्या दिली."

मी परत कुशाबाईंकडं गेलो आणि सगळं सांगितलं. पीठ मळणारे हात थांबले.

"म्हंजे कुणालाच ठावं न्हाय?"

"नाही."

"मल्हार पंधरानंतर पाऊस म्हणतोय ना?"

"शक्यता म्हणतोय."

"मग मी कशाला घाई करू?" पिठावर ताटली झाकत त्या म्हणाल्या. "म्हस्कूला सांगा, उद्या येऊ नगंस."

सकाळी म्हस्कू तणतणत आला. "मावशी, आज न्हाय तर पंचवीस तारखेशिवाय म्या हाताला लागत न्हाय. आन तवर येल काय तुमची वाट बघत बसल व्हय?" कुशाबाई गोठ्यातून बाहेर आल्याच नाहीत. तो शेजारच्या बागेत गेला.

मी इतरांनाही सांगून पाहिलं. ज्यांच्या बागा छाटून झाल्या होत्या, त्यांना ते ऐकायचं नव्हतं. राहिलेल्यांना म्हस्कू निघून जाण्याची धास्ती जास्त. आठ तारखेपर्यंत अकरा बागा झाल्या. सहा राहिल्या, त्याही टोळी पुरली नाही म्हणून. आणि खुद्द आबांचा खालचा प्लॉटही राहिला.

पुढचा आठवडाभर कुशाबाईंना वाडीनं सोडलं नाही. छाटलेल्या बागांवर डोळे फुगले, कापसासारखे दिसू लागले, मग गुलाबी पोंगे निघाले. ऊन कडक. टपरीवर चाललं होतं, "कुशाबाई रब्बीची द्राक्षं काढणार हायत." विशालचा फोन आला तो मला ऐकू गेला, एवढा मोठा : "आई, सगळी वाडी येडी आणि तू एकटी शहाणी का?" त्या म्हणाल्या, "शहाणी न्हाय रं. भ्यालीय."

पंधराला सकाळी छतावर गेलो, तर पत्र्यावर लाल मुंग्यांची रांग नळकांड्याला वळसा घालून भिंतीच्या फटीत जात होती. तोंडात अंडी. वारा पूर्वेचा आणि गरम. नळकांडं कोरडं होतं. शून्य लिहिलं.

सोळाला एक्केचाळीस मिलिमीटर. सतराला त्रेसष्ट. अठराला मोजायला गेलो तेव्हा पाऊस चालूच होता. अठरा आणि एकोणीस मिळून पंचावन्न. एवढ्या पावसात फवारायला ट्रॅक्टर बागेत जाईना. चिखलात चाक बसलं की बसलं. वीस तारखेला आभाळ उघडलं तेव्हा आबांच्या बागेत पानांवर तेल सांडल्यासारखे पिवळे डाग होते, खाली पांढरी बुरशी. आबा पोंगा चिमटीत उघडून बघत होते. एक, दोन, दहा. आत काही नव्हतं. माझ्या वीस गुंठ्यांतही नव्हतं. ते मी मोजत बसलो नाही.

अकरा बागा गेल्या. मधोमध कुशाबाईंची बाग तशीच उभी, जुन्या, करपट पानांची.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बांधावर माणसं दिसली. राहिलेल्या सहाही बागांचे मालक, आणि आबा. मिशीवर हात नव्हता.

"वैनी, कधी धरताय मग?"

"काय, आबा?"

"तारीख वो. तुमालाच कळलं ह्या वर्षी."

कुशाबाई माझ्याकडं बघायला लागल्या. "मास्तर, सांगा की ह्यास्नी. मला काय ठावं? मी भिऊन थांबले." 

मी सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. कुणाचा विश्वास बसला नाही. आबा तर डोळा बारीक करून म्हणाले, "गेणबापन असंच म्हणायचा."

त्यानंतर रोज सकाळी बांधावर तीच सात माणसं. कुशाबाई शेण टाकायला निघाल्या तरी माना वळत. चौथ्या दिवशी त्यांनी बारामतीहून हिरवी शेडनेटची जाळी आणली आणि छबूबाईला, म्हणजे त्यांच्या जावेला, हाताशी घेऊन सगळ्या बांधाला आडवी बांधली. माणसाच्या डोक्याएवढी उंच.

सत्तावीस तारखेला गोदामाकडं निघालो, तर जाळीच्या अलीकडं सातही जण उभे. सगळ्यांचे कान पुढं. जाळीमागून आवाज येत होता. कच्. थोडं थांबून, कच्. म्हस्कू इंदापूरकडं अडकलेला. दोघी जावाच छाटत होत्या.

त्याच वेळी खिशात मोबाइल वाजला. मल्हारचा मेसेज. मी तो दोनदा वाचला, मग जाळीजवळ तोंड नेलं.

"वैनी, मल्हारनं टाकलंय."

आवाज थांबला. "काय म्हणतोय?"

"उपसागरात नवा पट्टा. नऊ-दहा नोव्हेंबरला इकडं सरकायची शक्यता."

सत्तावीस अधिक तेरा, म्हणजे नऊ नोव्हेंबर, नेमका पोंगा निघायचा दिवस. हिशोब मी केला, त्यांनीही केला असणार. जाळीच्या भोकांतून फक्त पातळाचा रंग दिसत होता.

"नक्की हाय?"

"शक्यता म्हणतोय."

"मास्तर, शेंड्याचं डोळं आपसूक फुटाय लागल्यात," कुशाबाईंचा आवाज आला. "आता येल थांबत न्हाय. मी थांबून काय करू?"

कच्.

माझ्या मागं आबांनी फोन कानाला लावला होता. "म्हस्कू? टोळी घिऊन ये. मिळल ती घिऊन ये. वैनीचं सुरू झालं." बाकीचे सहा आपापल्या बागांकडं चालायला लागले, आधी सावकाश, मग भराभर.

"आबा, वैनींनाही ठाऊक नाही," मी म्हणालो. "आत्ता तुमच्यासमोर मेसेज वाचला."

"आयकला की," आबा म्हणाले. "तरीबी तिनं कात्री थांबवली न्हाय. काय तरी आसंल म्हणूनच ना?"

ते गेले. जाळी एकदा फुगली आणि खांबाला चिकटली, फुगली आणि चिकटली. वारा पूर्वेकडून येत होता. मी जिना चढून वर गेलो, नळकांड्यात उडून पडलेला पाला काढला, ते पुसून परत बसवलं आणि वरचं नरसाळं घट्ट आहे ना, ते दोनदा बघितलं.