लिंबाच्या फांदीला केसांचे चिमटे

आमच्या ह्यांना वाढलेलं काही बघवत नाही. मग ते गिऱ्हाइकाचे केस असोत, शेजाऱ्याच्या भुवया असोत, नाहीतर माझी बाग. पुढच्या खोलीत ह्यांचं सलून, मधल्या दोन खोल्यांत आम्ही, आणि मागच्या दाराबाहेर चार खाटा मावतील एवढी मोकळी जागा. आठवडाभर कात्री चालवून माणूस सुट्टीच्या दिवशी तरी ती खाली ठेवेल. हे तीच कात्री घेऊन मागे येतात.

गेल्या वर्षी मी तिथं फुलपाखरांसाठी फुलझाडं लावली. फुलपाखरं यायची, रस प्यायची आणि जेवून हात धुतलेल्या पाहुण्यांसारखी निघून जायची. "आपल्याकडे मुक्काम करावासा वाटत नाही त्यांना," हे म्हणाले. मला ते लागलं. रोपवाटिकेतल्या बाईंना विचारलं, तेव्हा कळलं की माझ्या बागेत नुसतं जेवणघर आहे, बाळंतिणीची खोली नाही. फुलपाखरू अंडी घालतं ते अळ्यांना खाता येतील अशा पानांवर, आणि प्रत्येकाचं पान ठरलेलं. मग मी चांगलं वाढलेलं लिंबाचं झाड आणून लावलं. फवारणी बंद केली, कोपऱ्यातला पालापाचोळा तसाच राहू दिला आणि गवताला हवं तसं वाढू दिलं.

ते गवत बघून ह्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी फरशीवाल्याला बोलावून जागा मोजून घेतली. त्यानं आणून टाकलेल्या फरश्या भिंतीला टेकल्यासुद्धा. मी ह्यांना जेवायला वाढत होते, पण बोलत नव्हते. हे जेवत होते, पण त्यांना चव लागत नव्हती. शेवटी पैज ठरली. थंडी पडायच्या आत माझ्या बागेत एक तरी फुलपाखरू जन्माला आलं, तर जागा माझी. नाहीतर फरशी.

लिंबावर अळ्या आल्या. आधी पक्ष्यांची शीट पडावी तशा दिसायच्या, मग हिरव्यागार झाल्या आणि पानं कुरतडत सुटल्या.

"तू झाड वाढवतेस की अळ्या?" ह्यांनी विचारलं.

"अळ्या," मी म्हटलं.

पक्ष्यांनी बहुतेक अळ्या टिपल्या. एक तेवढी वाचली आणि एका बारीक डहाळीवर तिनं कोश केला. कमरेला रेशमाचा एकच धागा बांधून, डोकं वर करून ती गप्प बसली. हिरव्या पानांत तो कोश मलासुद्धा शोधावा लागायचा. ह्यांना मी जागा दाखवली नाही. दाखवली असती तर ह्यांनी सारखं बोट लावून बघितलं असतं. तेच शहाणपण नडलं.

सुट्टीच्या दिवशी मी भाजी घेऊन परतले, तर लिंबाची हजामत झालेली. एकसारखं, गोल, कानामागून साफ. हे केर भरलेली बादली घेऊन उभे होते, चेहऱ्यावर काम मनासारखं झाल्याचं समाधान. "जरा जास्तच वाढलं होतं," म्हणाले.

मी पायरीवर बसले आणि रडायलाच लागले. कोश होता, एवढंच कसंबसं सांगितलं.

पैज ह्यांनी जिंकलीच होती. फरश्या भिंतीला टेकून तयार होत्या. पण ह्यांनी गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायची पांढरी चादर आणून अंगणात पसरली, बादली तिच्यावर ओतली आणि उकिडवे बसून एकेक डहाळी उलटसुलट करून बघू लागले. ऊन डोक्यावर आलं, तरी उठले नाहीत.

"हा का?" त्यांनी हळूच विचारलं. बोटांतली डहाळी थोडी हलली आणि तिच्यावरचा कोश स्वतःच थरथरला. "जिवंत आहे गं."

मग सलूनमधून चिमटे आले, कापताना वरचे केस बाजूला धरून ठेवायचे असतात ते. तोडलेली डहाळी हे झाडाच्या फांदीला लावून धरू लागले.

"डोकं वर हवं," मी म्हटलं.

"डोकं कसं धरायचं ते मला शिकवू नकोस."

दोन चिमट्यांत डहाळी घट्ट बसली. वरची पानं तर ह्यांनीच उडवली होती, म्हणून सावलीला तीच चादर दोरीवर ताणून बांधली. पुढचे दिवस दर गिऱ्हाइकामागे ह्यांची एक फेरी मागे व्हायची. मानेमागचं दाखवायचा आरसा धरून कोशाची मागची बाजू बघायचे, पण बोट लावलं नाही. मला मनातून फार बरं वाटत होतं.

एका सकाळी कोश काळसर दिसला. आतून पंखांवरचे ठिपके दिसत होते. मी हाक मारली, तशी हे वस्तरा ठेवून धावत आले. मागोमाग अर्ध्या गालावर फेस घेऊन बँकेतले कॅशियरही आले. कोश चिरला, आणि ओल्या, चुरगळलेल्या पंखांचा एक जीव धडपडत बाहेर येऊन डहाळीला लोंबकळला.

"ओलं आहे," हे कासावीस होऊन म्हणाले. "ड्रायर आणू?"

"हात लावायचा नाही."

ह्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले. इतक्या वर्षांच्या संसारात ते हात रिकामे राहिलेले मी पहिल्यांदा पाहिले. पंख हळूहळू भरत गेले, काळ्यावर पिवळ्या ठिपक्यांचे. कॅशियरांच्या गालावरच्या फेसाची वाळून पापडी झाली, पण तेही हलले नाहीत. मग ते फुलपाखरू चादरीखालून निघालं, एकदा आमच्या डोक्यांवरून फिरलं आणि भिंतीपलीकडे गेलं.

हे फरश्यांकडे वळले. एक उचलली. ती त्यांनी लिंबाशेजारी उन्हात आडवी ठेवली.

"तापलेल्या दगडावर बसतात म्हणाली होतीस ना?" ते म्हणाले. "बाकीच्या फरशीवाल्याला घेऊन जायला सांगतो."

आत जाताना वाटेवर वाढलेली गवताची एक काडी त्यांच्या पायाला लागली. सवयीनं वाकले, तिला चिमटीत धरलं. मग सोडून दिलं, आणि कॅशियरांचा दुसरा गाल करायला आत गेले.