पितळेचे दोन दात

मित्रांनो, गोंदियात कुडव्याच्या रस्त्यावर योगराज मिस्त्रींचे वर्कशॉप आहे. तिथे पत्र्याच्या छपराखाली, अगदी कोपऱ्यात जे काळे, ओबडधोबड लोखंडी धूड दिसते ना, तो मी. मी एक जुना लेथ आहे. माझ्यावर लोखंडाचा तुकडा गरागरा फिरतो आणि त्याला पाते लावून मिस्त्री हवा तो आकार देतो. आधीच सांगून ठेवतो, मी मोठा जळकुकडा आहे. दुसऱ्याचे कौतुक झाले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ही गोष्ट त्या जळण्याचीच आहे.

माझा जन्म पंजाबातल्या बटाल्याचा. तिथून मालगाडीने मी गोंदियाला आलो. योगराजचे वडील बकाराम मिस्त्री मला घ्यायला बैलबंडी घेऊन स्टेशनावर आले होते. त्यांनी तिथेच नारळ फोडला आणि खोबरे हमालांना वाटले. असा थाट होता माझा!

गोंदियात राईस मिलना काय तोटा? धानाचा हंगाम आला, की कुठे शाफ्ट वाकायचा, कुठे पुली फुटायची आणि मिलवाले धावत माझ्याकडे यायचे. पण खरे नाव होते ते माझ्या आट्यांचे. बोल्टवर गोल गोल फिरत गेलेल्या खाचा तुम्ही पाहिल्या असतील, त्यांना आटे म्हणतात. बकाराम नट बोटाने फिरवायचे आणि म्हणायचे, "लोन्यावानी चालते, पाहा!" दसऱ्याला झेंडूचा पहिला हार माझ्याच गळ्यात पडायचा. मी ऐटीत मिरवायचो.

मग बकाराम गेले. योगराजच्या हातात कसब होते, पण घाई फार. एकदा त्याने मला पुरते थांबूही दिले नाही आणि गिअर बदलायला गेला. माझ्या पोटातल्या एका गिअरचे दोन दात कटकन उडाले. तुमचे दुधाचे दात पडले तर नवे येतात. माझे कुठून येणार? "पाहू उद्या," योगराज म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही. त्या गिअरवाचून मला आटे पाडता येईनात. मिलवालेही तयार सामान बाहेरून मागवू लागले. मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर चहाचे उष्टे ग्लास, ओल्या छत्र्या आणि योगराजचा घामट शर्ट पडू लागला.

अशातच श्रावणात ती आली.

जवळच्या मुर्री गावचे दुर्गाप्रसाद तिला ट्रॅक्टरला बांधून ओढत घेऊन आले होते. ती त्यांच्या वडिलांची मोटार, लँडमास्टर, ॲम्बेसेडरच्याही आधीच्या काळातली. वडील गेल्यापासून धानाच्या कोठारात पडून होती. दुर्गाप्रसादांनी ताडपत्री काढली आणि हात जोडल्यासारखे उभे राहिले. "मिस्त्री, बाबूजीची गाडी होय. एकदा रोडवर चालली पायजे, बस."

मी नीट निरखून पाहिले. गंज माझ्याहून जास्त, सीटमध्ये उंदरांचे घर, एक दिवा फुटका. पण योगराज तिच्यावरून असा हात फिरवत होता, की जणू घरी लक्ष्मी आली! शेजारचे दुकानदार येऊन तिच्याजवळ फोटो काढू लागले. फोटोत मागे मीही यायचो, पण अर्धाच.

मग सुरू झाली तिच्या भागांची शोधाशोध. तिच्या दरवाजाच्या मुठीसाठी योगराज नागपूरच्या भंगार बाजारात गेला. काचेच्या रबरासाठी जबलपूरला गेला. मिळाले नाही ते पत्रा ठोकून, पितळ घासून स्वतः घडवले. माझ्या दोन दातांसाठी हा गृहस्थ कधी कोपऱ्यावरच्या चौकापर्यंत गेला नव्हता. मी मनातल्या मनात धुमसत राहिलो.

एवढ्यावर भागले असते तर सोसले असते. पण मोटार ठेवायला जागा पुरेना. भंगारवाला टिंकू एक दिवस आला आणि माझ्यावर टिचकी मारून म्हणाला, "भाऊ, हे धूड कायले ठेवून राहिले? फुकट जागा अडवून राहिलं."

योगराजने मोटारीचा बंपर घासता घासता, मान वर न करता उत्तर दिले. "दिवाळी होऊ दे. मंग ने."

मित्रांनो, माझे लोखंड थंड पडले. तिला ठेवायची म्हणून मला काढायचे! त्या वर्षी दसऱ्याला पहिला हार तिच्या बॉनेटवर चढला. माझ्या वाट्याला हारातून गळलेले एक फूल आले, तेही योगराजच्या बायकोने, रुक्माने, उचलून ठेवले म्हणून.

दिवाळी जवळ आली आणि मोटारीचे काम एका जागी अडले. पुढची दोन्ही चाके ज्यांच्यावर वळतात, त्या दोन किंगपिनांचे आटे झिजून सपाट झाले होते. एक जुनी पिन योगराजला रायपूरच्या भंगारात सापडली. ती त्याने रुमालात गुंडाळून आणली, देवासमोर ठेवली. दुसरी मात्र कुठेच मिळेना. नव्या कॉम्प्युटरच्या मशीनवाल्याने सरळ सांगितले, की एका नगासाठी आम्ही मशीन लावत नाही.

दिवाळी झाली. दुर्गाप्रसाद येऊन माझ्याच कडेला टेकले. चेहरा उतरला होता. "राहू द्या मिस्त्री. खूप फिरले तुमी. बाबूजीच्या गाडीचं नशीबच नाही. टिंकूले सांगा, घेऊन जाय म्हना."

खरे सांगू? मला आनंद झाला. म्हटले, चल बाई, आता एकाच टेम्पोतून जाऊ.

रुक्मा तेव्हा रिकामे ग्लास उचलत होती. माझ्यावरचा ग्लास उचलताना ती थांबली. "अख्खं रायपूर पालथं घातलं तुमी. घरातला लेथ काऊन नाही दिसत तुमाले?"

"त्याचे दात तुटले आहेत वो," योगराज म्हणाला.

"मंग बसवा! तुमीच तोडले ना?"

योगराज उठून माझ्यापाशी आला. कितीतरी वर्षांनी त्याने माझे झाकण उघडले. आतल्या जळमटांतून हात घालून तो गिअर बाहेर काढला. मग त्याने माझ्यासाठी फोन केले. हो, माझ्यासाठी! बटाल्याला, नागपूरला, रायपूरला. तसला गिअर आता कोणी बनवत नव्हते. शेवटी त्याने ठरवले, की तुटक्या दातांच्या जागी खाचा कापायच्या, त्यात पितळेचे तुकडे ठोकून बसवायचे आणि शेजारच्या दातांसारखे घासायचे.

पितळ कुठून आणायचे? रुक्माने डब्यात हात घातला आणि मोटारीचा झिजलेला जाड पितळी बुश, म्हणजे पिनेवर बसणारे कडे, काढून पुढे केला. "हे आहे ना. बाजारात कायले जाता?"

माझ्या अंगाची आग आग झाली. जिने माझी जागा घेतली, तिचे उष्टे पितळ माझ्या तोंडात! नको म्हणावे, तर झाकण उघडे आणि तोंड रिकामे. मी मुकाट बसलो. योगराज कानशीने एकेक दात घासत होता, कुठे अडते ते दिसावे म्हणून काजळी लावून दुसऱ्या गिअरवर फिरवून पाहत होता, पुन्हा घासत होता. या खेपेला त्याने जराही घाई केली नाही. इतका वेळ तो माझ्याजवळ बसला आहे, हे मला हळूहळू जाणवले. रागातही ते बरे वाटले.

मग पट्टा चढला आणि मी फिरलो. पितळेचे दात कुरकुरले आणि चालू लागले. पोलादाच्या पिनेवर पाते टेकले, चकचकीत साल सुटली आणि एकामागून एक आटे उमटले. त्यावर बसणारा नवा बुशही मीच घडवला. योगराजने तो पिनेवर ठेवून बोटाने फिरवला. तो म्हणाला, "लोन्यावानी चालते, पाहा." हे शब्द बकारामांनंतर मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी मोटार सुरू झाली. दुर्गाप्रसाद स्टिअरिंगवर, योगराज शेजारी. दोघे मुर्रीकडे निघाले. एकानेही मागे वळून माझ्याकडे पाहिले नाही. आणि थोड्या वेळाने दारात टिंकूचा टेम्पो उभा राहिला.

टिंकूला दिलेला शब्द योगराज विसरला होता. टिंकू विसरला नव्हता. रुक्मा ओरडली, "अरे, ते मुर्रीहून येऊ दे तं!" पण त्याच्या माणसांनी माझ्या पायाखाली पहार घातलीसुद्धा. माझा एक पाय जमिनीवरून उचलला गेला. ती रस्त्यावर मिरवते आहे आणि मी चाललो भंगारात, असे मनात आले आणि मला तिचा इतका हेवा वाटला, की विचारू नका.

तेवढ्यात ती परत आली. अगदी हळूहळू, एका अंगाला कलंडलेली. योगराजने जिच्यावर एवढा जीव टाकला, ती रायपूरची पिन आतून पोकळ झाली होती. ती बिचारी मुर्रीच्या वळणावरच तडकली. माझी पिन मात्र जागची हलली नव्हती. मोटारीला पाहून मला पहिल्यांदाच आनंद झाला.

योगराज खाली उतरला. त्याने पहार पाहिली, माझा अधांतरी पाय पाहिला. "टिंकू, काढ ते."

"भाऊ, तुमीच म्हनलं होतं."

"म्हनलं होतं. आता नाही म्हनून राहिलो."

दुसरी पिनही मीच घडवली. यंदाच्या दसऱ्याला दुर्गाप्रसाद मोटार घेऊन आले. योगराजने पहिला हार मला घातला, मग तिला. तिचा हार माझ्यापेक्षा वीतभर लांब होता. मी नीट पाहिले आहे. मला रागही आला. पण मग योगराजने मला सुरू केले. ती दारात माझ्या आट्यांवर उभी होती आणि माझ्या तोंडात तिचे पितळ गुणगुणत होते. अशा बाईशी किती वेळ रुसणार?

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे शिलाई मशीन, एखादी सायकल, एखादा पंखा कोपऱ्यात पडून असेल. नव्या वस्तूला जरूर पुसा, लाड करा. फक्त फडके ठेवून देण्याआधी एकदा त्या कोपऱ्याकडे वळा आणि तेलाचा एक थेंब तिथेही टाका. कोपऱ्यातले आम्ही तक्रार करत नाही हो. आम्ही नुसते बघत असतो, तुम्ही कोणाला पुसता ते.