तीस बाळांची अट

"डाक्टरम्मा, आता काय म्हणतायत?" औषधांच्या खिडकीतून सत्तय्यानं विचारलं.

डॉक्टर वसुमतींनी मोबाइल टेबलावर पालथा टाकला. "रुग्णवृत्तांत हा प्रकार यंदापासून घेत नाही म्हणे."

"अन् मागच्या खेपेला त्यांनीच सांगितलं होतं ना, रुग्णवृत्तांत म्हणून पाठवा?"

"त्यांनीच."

"हे मासिकवाले आहेत का कापडवाले? लुगडं नेलं तर म्हणे खण पुरे, खण नेला तर म्हणे रुमाल द्या!"

एरवी वसुमती हसल्या असत्या. तेलंगणातल्या त्या गावात दारोदारी विड्या वळल्या जायच्या. माणसांच्या अंगाला मातीचा वास यावा तसा इथं तंबाखूचा यायचा. त्यातल्याच एका घरातली वेन्नेला, नुकती रांगायला लागलेली. वेन्नेला म्हणजे चांदणं. ओकाऱ्या आणि झटके घेऊन आली आणि दिवेलागणीच्या आत मावळली. मिटलेल्या मुठी उघडल्या तर आत तंबाखूचा भुगा. ओठांच्या कडेला तोच. ताप नव्हता, मेंदूचा आजार नव्हता; तंबाखूचं विष पोटात गेलं होतं. हे वसुमतींना कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्यांना एवढंच हवं होतं. विड्यांच्या कुठल्याही गावात असं बाळ आलं, तर तिथल्या डॉक्टरनं आधी विचारावं, आई विड्या वळते का? म्हणून त्यांनी हैदराबादच्या मोठ्या वैद्यकीय मासिकाकडे लिहून पाठवलं. मूळ संशोधन म्हणून धाडलं तर उत्तर आलं, एका रुग्णाचं संशोधन होत नाही, रुग्णवृत्तांत म्हणून पाठवा. आता तोही बंद. आढावा लेख आम्ही सांगू त्यांनीच लिहायचा. छायाचित्राचा विभाग होता, पण त्या पोरीचा कुणी फोटो काढलेला नव्हता. उरलं काय, तर संपादकांना पत्र. वीतभर.

त्या मासिकावर त्यांचा वर्गमित्र रघोत्तम होता. त्याला फोन लावला.

"वसू, तू चिडू नकोस. अशी तीस बाळं जमव, मी स्वतः मूळ संशोधनात घालतो."

"तीस बाळं मुठी आवळून यायची वाट बघू? आणि पहिल्या एकोणतीस जणांना काय सांगू रे?"

"नियम मी केले का? पत्र पाठव. आणि हो, प्रकार बदलला की संमती नव्यानं लागते. आईचा अंगठा स्पष्ट पाहिजे, गेल्या वेळचा नुसता डाग होता."

भरदुपारी वसुमती वेन्नेलाच्या आईच्या, नर्सव्वाच्या दारी गेल्या. ओसरीत बायका मांडीवर सुपं घेऊन बसल्या होत्या. पानं कातरली जात होती, बोटं चालत होती, बोटांमागं गाणं चालत होतं:

*रानच्या पाना बाई, तुला सुपात निजवीते,*
*माझ्या बोटांची गं साल तुझ्या पोटात भरीते.*

गाणं थांबलं. नर्सव्वानं नेहमीचा प्रश्न विचारला, "आलं छापून?"

"नाही गं. त्यांना आणखी छोटं करून हवंय."

"छोटं?" नर्सव्वा हातातल्या पानाकडं बघत राहिली. "ती होतीच केवढीशी, डाक्टरम्मा. आणखी किती छोटी करणार?"

वसुमतींनी कागद पुढं केला, शाईची डबी उघडली. नर्सव्वानं अंगठा टेकवला. निळा गोळा उठला, रेघ एकही नाही. पुसून पुन्हा टेकवला. पुन्हा तसाच.

"कुठून येणार रेघा?" शेजारची म्हातारी पोसव्वा म्हणाली. "पानांनी खाल्ल्या. रेशनचं यंत्रसुद्धा आम्हाला ओळखत नाही. तेही म्हणतं, चालत नाही!"

बायका हसल्या. नर्सव्वा नाही हसली.

"तिचं नाव तरी येईल ना त्यात?"

"नावं छापत नाहीत."

"मग काय लिहितात?"

"एक मुलगी. वय आठ महिने."

नर्सव्वानं अंगठा पदराला पुसला, पुसतच राहिली. "मी गप्प बसले होते. म्हटलं, छापील आलं की या बायकांना दाखवीन. माझ्या तोंडाचं कोण ऐकणार? म्हणतील, पोर गेलं, बाई बरळायला लागली. कारखान्याचा माणूस म्हणेल, काम काढून घेतो."

मग ती वळली. समोर स्वरूपा बसली होती, पहिलटकरीण. तिच्या मांडीला लागून तिचं बाळ भुग्यात पालथं खेळत होतं.

"स्वरूपा, पोराला उचल तिथनं."

"का गं अक्का? खेळतोय की गुमान."

"माझी वेन्नेला पण गुमान खेळत होती." नर्सव्वाचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "या भुग्यानं गेली ती. देवीच्या कोपानं नाही, नजरेनं नाही. याच भुग्यानं. तिच्या मुठीत होता, तोंडात होता. माझ्या बोटांनीच मी तिला भात भरवायची. डाक्टरम्मा इथं बसल्यात, विचारा त्यांना."

बायकांनी वसुमतींकडं पाहिलं.

"खरं आहे," वसुमती म्हणाल्या. पुढं बोलायला त्यांच्याकडं पानंच्या पानं होती. "खरं आहे," एवढंच त्या पुन्हा म्हणाल्या.

कात्र्या सुपात पडून राहिल्या. पोसव्वानं आपलीच बोटं उलटीसुलटी करून पाहिली. गाण्याची पुढची ओळ कुणी उचलली नाही. स्वरूपा बाळाला घेऊन तटकन उठली. अंगणात शेवग्याखाली उभी राहून ती त्याचं झबलं झटकत होती, झटकतच होती, आणि इतक्या गोड खेळातून का उचललं म्हणून पोर गावभर ऐकू जाईल असं रडत होतं.