कुहीची साडी

जागेश्वरकाकांचा माग बंद पडून पाच वर्षं झाली होती. म्हणून त्या दुपारी भिंतीपलीकडून खटखट ऐकू आली, तेव्हा मी भिजवलेली कणीक तशीच टाकून त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. दाराला आतून कडी होती. मी दार वाजवलं, तशी खटखट थांबली.

"काय करून राहिले, काकाजी?"

"काही नाही वं, गोपिका. उंदीर शिरले होते मागात."

उंदीर मागातला धोटासुद्धा इकडून तिकडे फेकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे समजल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. ही खोड मी कधी लपवली नाही, आणि गोळीबार चौकातल्या आमच्या गल्लीत ती लपलीही नसती. सगळी विणकरांची घरं, भिंतीला भिंत लागलेली. पॉवरलूम आल्यावर एकेकाचे माग थांबले, तसे जागेश्वरकाकाही एका शाळेत चपराशी झाले. घंटा वाजवायची, नकाशे पुसायचे, साहेबांना चहा द्यायचा. काकू, म्हणजे जनाबाई, चार वर्षांपूर्वी गेल्या. एकुलता एक श्रावण वीज मंडळात लाइनमन. त्यानं कुही गावच्या एका शेतकऱ्याच्या मुलीशी, प्रेमिलाशी, कोर्टात लग्न केलं. तिच्या वडिलांनी, चंपतरावांनी, त्याच दिवशी लेकीच्या नावानं आंघोळ केली. पोरं नंदनवन वस्तीत दोन खोल्या घेऊन राहत होती. आता प्रेमिलाला सातवा महिना लागला होता.

सासू नाही, माहेर तुटलेलं. तेव्हा डोहाळजेवण होणार नाही असं गल्लीनं धरूनच ठेवलं होतं. पण जागेश्वरकाकांनी जाहीर केलं की ते आपल्याच घरी होईल, आणि सगळं हातानं करायचं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पुरुष माणूस डोहाळजेवण करणार म्हणजे काय करणार, हे बघायला तरी सगळ्या येणार होत्या. मी तर तेव्हापासूनच मुक्काम ठोकला.

आणि खरंच, त्यांनी केलं. शाळेतून आल्यावर अंगणात बसून बांबूच्या कामट्या तासायच्या. त्यांची नाव केली, धनुष्य केलं. संक्रांत होऊन पंधरा दिवस झाले होते, त्यामुळे पतंगी कागद स्वस्तात मिळाला. तो चिकटवायला काकांनी सुताला लावायची खळ शिजवली, आणि ती वाळल्यावर कागद असा ताठ बसला की मी टिचकी मारून पाहिली तर वाजला. चहाच्या पेटीतल्या चांदीच्या कागदाचा चंद्र झाला. मागापाशी पडलेल्या रेशमाच्या तुकड्यांचे आम्ही झोपाळ्यासाठी गोंडे केले. गोंडा कापताना काका प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर धरून बघायचे, आणि एखादा धागा लांब असला की पुन्हा कापायचे.

प्रेमिला येऊन बसायची. सगळ्या तिला डोहाळे विचारायच्या. आंबट हवं का, मातीचा वास आवडतो का. ती नुसती मान हलवायची. एकदाच, गोंडा बांधता बांधता, खाली बघत सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, बाकी काही नको. आईकडची साडी आली असती त..."

आमच्याकडे पहिली ओटी माहेरची असते. हिरवी साडी माहेरून येते, आणि ती नेसूनच पोरगी झोपाळ्यावर बसते. ती नसली तर नाव काय आणि चंद्र काय, नुसते कागदच.

दुसऱ्या दिवशी काकांनी रजा टाकली आणि कुहीची बस धरली. परत आले ते सांजेला. प्रेमिला माझ्याकडे वाट बघत बसली होती. काका दारातूनच म्हणाले, "पाठवतो म्हनले. साडी येईन." त्या दिवशी पोरीनं माझ्याकडे दोन भाकरी खाल्ल्या, वर वांग्याची भाजी मागून घेतली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आणि त्यानंतर चार दिवसांनी मागात हे उंदीर शिरले.

मी काही गप्प बसणारी नव्हे. मागच्या खिडकीच्या फळीला एक फट होती, तिला डोळा लावला. आतून हिरवा रंग दिसला, आणि मी तिथंच खाली बसले. संध्याकाळी काकांना गाठून सरळ विचारलं, कुहीची साडी गोळीबार चौकात काहून विणून राहिले.

त्यांनी आधी गल्लीत कोणी नाही ना ते बघितलं. मग म्हणाले, "तिथून येत नाही, गोपिका. पोरीनं सात महिन्यांत एकच चीज मांगतली. तू कोनाले सांगजो नको."

मला! नऊ दिवस मी ते पोटात ठेवलं. नवऱ्याला वाटलं मला बरं नाही, त्यानं डॉक्टरकडे चल म्हणून धोशा लावला.

साडी दुकानातली वाटावी म्हणून काकांनी काठ अगदी साधा ठेवला होता. पण हाताचं काय करणार? लहानपणी त्यांचं डावं मनगट मोडून वाकडं बसलं होतं. त्यांच्या कापडाची डावी कड सूतभर आवळून येते, जरा ओढल्यासारखी. बाहेरच्याला ते दिसायचं नाही. आमच्या गल्लीतल्या बायकांनी मात्र तीस वर्षं ती कड नेसली होती. हे काकांच्या लक्षात आलं नाही, आणि लाज वाटते सांगायला, माझ्याही नाही.

रविवारी मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकून वर सतरंजी अंथरली. आढ्याला झोपाळा बांधला. मोजून अकरा बायका आल्या. काकांनी वर्तमानपत्रात बांधलेली पुडी सुनेच्या हातात दिली, काल कुहीचा एक माणूस देऊन गेला म्हणाले आणि अंगणात निघून गेले. प्रेमिला ती नेसून आली, तेव्हा खोलीतल्या सगळ्या खाली बसता बसता थांबल्या. शेवंतीचा साज, हिरवी साडी, आणि तोंडावर ते समाधान.

आमच्या बायकांना नवं कापड दिसलं की हात आवरत नाही. आधी कड उलटून बघायची, मग माणसाकडे. तुळजाबाई सगळ्यांत वडीलधाऱ्या. त्यांनी पदराची कड बोटांत घेतली, बोट सरकवत नेलं आणि डाव्या कडेवर थांबवलं. मग शेजारच्या मैनाबाईकडे बघितलं. मैनाबाईनं हात लावला. मी देवाला हात जोडले, पण मनातल्या मनात. हातात कुंकवाचं ताट होतं.

"घट्ट विनली आहे," तुळजाबाई कड सोडत म्हणाल्या. "कुहीकडे बी चांगले हात आहेत म्हनायचे."

"आहेत जी," मैनाबाई म्हणाली. एकामागून एक सगळ्यांनी मान डोलावली. या अकराजणींपैकी एकीच्याही पोटात आजवर गोष्ट राहिली नव्हती.

ओटी भरायला कुंकू लावणार तेवढ्यात दारात एक वाळकी बाई येऊन उभी राहिली. नऊवारी लुगडं, टाचा धुळीनं माखलेल्या, पदराच्या गाठीत काहीतरी बांधलेलं. प्रेमिला झोपाळ्यावरून उठली आणि तिच्या गळ्यातच पडली. ती तिची आई, मनकर्णाबाई. उमरेडला बहिणीकडे जाते असं घरी सांगून आली होती.

"साडी भेटली वं, आई," प्रेमिला रडत म्हणाली. "मले लय आवडली."

मनकर्णाबाईंच्या तोंडावर काहीच उमटलं नाही. "कोनती..." म्हणून त्या थांबल्या. त्यांनी लेकीच्या अंगावरची साडी बघितली. मग आम्हा बायकांकडे बघितलं, तर एकीनंही त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. अंगणाच्या दारात जागेश्वरकाका द्रोणांची चळत घेऊन उभे होते आणि स्वतःच्या पायाकडे बघत होते. आता एक शब्द इकडचा तिकडे झाला असता, तर त्या पोरीचं माहेर दुसऱ्यांदा तुटलं असतं.

मनकर्णाबाईंनी पदर हातात घेतला, खालीवर केला. "मले वाटे, रंग लयच गडद निघते का काय," त्या म्हणाल्या. "फीर पाहू जराशी. शोभते तुले."

मग त्यांनी गाठ सोडली. आत घरच्या शेतातले तांदूळ होते. त्यांनी लेकीची ओटी भरली, आणि आम्ही सगळ्याजणींनी एकदम गाणं धरलं. सूर कोणाचाच लागला नाही.

प्रेमिलाला साडीचं खरं काय ते कळलं होतं का, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. आयुष्यात मी न विचारलेला प्रश्न तेवढा एकच.

सगळ्या गेल्यावर प्रेमिला आत निजली. मी भांडी घासायच्या निमित्तानं मागे राहिले. मनकर्णाबाईंची बस तासाभरानं होती. त्या अंगणात आल्या आणि काकांपासून हातभर अंतर ठेवून ओट्यावर बसल्या.

"साडी तुम्ही विनली."

काका कामट्या गोळा करत राहिले.

"त्या दिवशी काय बोलले आमच्या घरचे तुमाले?"

"चांगलंच बोलले जी. बसवलं, चहा पाजला. कामात होते, नाही त जेवूनच जा म्हनत होते."

"मी दाराच्या मांगं उभी होती," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुमाले आंगनातूनच वापस लावलं. उन्हाचे आले होते तुम्ही. पानी मांगतलं. मी माठापाशीच होती. घरच्यायनं नको म्हटलं, अन् मी देल्लं नाही."

काकांच्या हातातल्या कामट्या हातातच राहिल्या. बोलण्यासारखं खोटं आता त्यांच्याजवळ उरलं नव्हतं.

मनकर्णाबाई उठल्या आणि त्यांनी मला माठ कुठे आहे ते विचारलं. मी नुसतं बोट दाखवलं. त्यांनी पितळी गडवा विसळला, काठोकाठ भरला, आणि दोन्ही हातांनी धरून काकांपुढे आणला. काका उभे राहिले. नुकताच चहा झाला होता त्यांचा, तरी त्यांनी गडवा तोंडाला लावला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्याले.

"अजून देऊ?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"द्या," काका म्हणाले, आणि गडवा पुढे केला.