प्रिंटरची अमावास्या

पूर्णा गावात ठकुबाईंच्या ओटीवर मुंगीला वाट नव्हती. मधोमध सूप, सुपावर पालथा धरलेला प्रिंटर, आणि तो गदागदा हलवत राघो भगत गात होता:

"काळी सावली, गोरी सावली,
कुठल्या गावची वाट धरली?
शाई प्यायली, कागद गिळला,
सोड गं बाई कुमारच्या घरला!"

टपटप पाच-सात दाणे सुपात पडले. प्रिंटर सरळ करून वायर जोडली, तो घरघरला आणि सरसर कागद बाहेर आला. बायांनी हात जोडले.

"मसणातलं दानं हायेत," राघो म्हणाला. "सुनेच्या मागनं बाधा आली. तीन अमावास्या तिला माहेरी ठेवा."

उंबऱ्याशी हेमालीची पिशवी भरून तयार होती. दिघाशीहून वैशाखात लग्न होऊन आलेली ही पोर. तिचा नवरा, ठकुबाईंचा मुलगा कुमार, मान खाली घालून उगाच वायर सरळ करत होता.

मी गावच्या शाळेतली बाई; कुमार घरीच छपाईची कामं करतो, त्याच्याकडे सहामाहीची प्रश्नपत्रिका छापायला आले होते, आठवड्यात तिसऱ्यांदा. कुमारबरोबर कल्याणला जाऊन हा प्रिंटर मीच निवडलेला. त्याच्या पहिल्या प्रिंटरची शाई वाळायची. दुसरा लाल शाई संपली की काळंही छापत नसे. "बाई, हा डोळे मिटून घ्या," दुकानदार म्हणाला. तसाच घेतला. आता भगताशी भांडायचंही त्राण नव्हतं. तरी ती पिशवी बघवेना.

"बंद कधी पडतो गं?" मी हेमालीला विचारलं.

"अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, बाई. दर वेळी."

"आणि अमावास्येला काय करता?"

"पूजा!" ठकुबाई म्हणाल्या. "नवीन मशीन आली तेवाच भगतानं सांगितली. हळद-कुंकू, वरनं मूठभर अक्षता."

वरून. जिथे कागद घालायची फट उघडी असते, तिथेच.

मी सुपातला एक दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला. "हा कुठला, बघा बरं."

त्यांनी कुंकू पुसलं. दाणा उजेडात धरला.

"तांबडी रेघ हाय. आमच्या खालच्या शेतातला."

खालच्या शेतावर आता गोदाम उभं आहे. शेवटच्या कापणीतला तांदूळ त्यांनी मडक्यात राखला होता, फक्त अक्षतांसाठी.

"मसणात माझा तांदूळ कोनी पेरला रं राघो?"

"आक्का, भूत कसलंबी रूप..."

"मग आताही घेऊ दे," म्हणत मी फटीत तोच दाणा टाकला. प्रिंटर कण्हला, लाल दिवा लागला. कुमारने तो मुकाट्याने पालथा केला, हलवला. गाणं नाही, ओवाळणं नाही. दाणा पडला, कागद आला.

राघोनेच पूजा सांगायची, दाणे अडकायचे, राघोनेच पालथा करायचा. एवढीच त्याची विद्या. तो सूप तिथेच टाकून गेला.

ठकुबाईंनी पिशवी उचलून आत नेली. येताना मडकं घेऊन आल्या आणि चार दाणे हेमालीच्या डोक्यावर टाकले. "अक्षतांची जागा हितं हाय."

मंडळी, मी दमले आहे, म्हणून थोडक्यात सांगते. यंत्र अडलं तर आधी यंत्र उघडून बघा. घरातल्या माणसाला बाहेर काढून आजवर एकही कागद छापला गेलेला नाही.