अधिकात बदलायची चाकं

हिशेब सरळ होता. चाकं आज बदलली तर पैसे अंगदच्या खिशातून जाणार. महिनाभर तशीच रेटली तर सासऱ्यांच्या. कारण अधिक ज्येष्ठ तोंडावर आला होता, आणि अधिकात जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावून वर वाण दिल्याशिवाय सिल्लोडच्या सोनाजींना चैन पडत नसे. तीन वर्षांतून एकदा येणारी पर्वणी. ती हातची घालवण्याइतका अंगद भोळा नव्हता.

सायकल त्याची रेसिंगची, बोटभर रुंदीच्या टायरांची. दर रविवारी ती दौलताबादचा घाट चढायची. मागचं टायर मधोमध सपाट होऊन त्यातून धागे डोकावत होते. रिमच्या कडेला, ब्रेकचं रबर घासतं तिथं, कंपनीनं एक बारीक खाच कोरलेली असते. ती पुसली गेली की रिम बदलायची. अंगदची खाच कधीच पुसली होती, आणि बोट फिरवलं तर कड बशीसारखी आत गेलेली लागायची. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. तो विम्याचा सर्व्हेअर. अपघात झालेल्या गाड्या तपासणं हाच त्याचा धंदा. पण त्या धंद्यानंच एक सवय लावली होती: पाहणी होईपर्यंत नुकसानीला हात लावायचा नाही.

"अहो, टायरची सुतं लोंबायला लागली," तनुजा म्हणाली. "बसू का सुईदोरा घेऊन?"

"राहू दे. तशीच दिसली पाहिजेत."

"कुणाला? दादांना?" तनुजा वडलांना दादाच म्हणायची. बायकोला नवऱ्याचा हिशेब नवऱ्याच्या आधी कळतो. "मग फोटो पाठवा की."

"फोटोत खोली कळत नाही," अंगद गंभीरपणे म्हणाला.

ठरल्या रविवारी तनुजा लेकीला, अक्षदाला, घेऊन गाडीनं निघाली. अंगद उजाडायच्या आत सायकलवर. सपाटीवर सगळं गोड होतं. चौक्याच्या घाटात उतार लागला, ब्रेक दाबला, आणि रिम अशी करकरली की त्याचे खांदे कानापर्यंत गेले. शेजारून दुधाची गाडी भर्रकन गेली. त्याला नको तेवढं दिसलं: टायर फुटलेलं, आपण खडीवर पडलेलो, आणि कुणीतरी दुसरा सर्व्हेअर वाकून पाहतोय. तो मुकाट्यानं उतरला आणि सायकल धरून चालू लागला.

कडेला मेंढरं चारणारा एक म्हातारा कौतुकानं बघत होता. "पंचर व्हय?"

"नाय."

"मंग चढाला बसता आन् उताराला चालता? लई भारी सायकल हाय."

सिल्लोडला पोचल्यावर अंगदनं सायकल ओट्याला अशी टेकवली, की खुर्चीत बसलेल्या सोनाजींच्या नजरेसमोर बरोबर मागचं चाक यावं. पाय धुतले, पाणी प्यायलं. सोनाजी उठले, चष्मा लावला, टायरवर अंगठा फिरवला.

"जावईबापू, हे तर पार संपलं की वो."

"व्हय दादा, जरा झिजलंय."

"आन् ही चाकाची कड?"

"तीही बदलायला झालीय."

"कवापासून?"

इथं अंगद चुकला. झीज जितकी जुनी तितकी कणव जास्त, असं त्याला वाटलं. "दिवाळीपासून म्हणा ना."

"म्हंजी ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"ठाऊक असून चालवत व्हते?" सोनाजींचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी घरात हाक दिली, "अवं, समदे भायेर या! जावयाचा पंचनामा हाय!"

सासूबाई, म्हाळसाबाई, पिठाच्या हातानं आल्या. तनुजा आली, धाकटा जावई अभय आला. सोनाजींनी सगळ्यांना ऐकवलं. गेल्या साली त्यांचा मक्यानं भरलेला टेम्पो घसरून पुलाच्या कठड्याला धडकला होता. टायरं गुळगुळीत निघाली, विमा नाकारला गेला. कंपनीत शब्द टाकावा म्हणून त्यांनी अंगदला फोन केला, तर जावई म्हणाले होते, 'दादा, झिजलेलं ठाऊक असून चालवलं की तो मालकाचा हलगर्जीपणा. नियम म्हणजे नियम.'

"आता निकाल तुमीच द्या," सोनाजी म्हणाले. "हे टायर चालण्याजोगं हाय म्हणा, नवी चाकं माझ्याकडनं, पाहिजे ती. पर मंग माझा टेम्पोबी बरोबर व्हता, हे चारचौघात कबूल करायचं."

एक 'होय' म्हटलं की काम झालं होतं. अंगदला हवी ती काळी, हलकी चाकं डोळ्यांपुढं फिरूसुद्धा लागली. अभयनं डोळा मारला. तनुजाची नजर नवऱ्यावरून हलत नव्हती.

अंगद खाली बघून म्हणाला, "नाय दादा. आज घाट मी पायी उतरलोय. ज्याच्यावर बसायची मलाच छाती झाली नाही, ते चालण्याजोगं कसं म्हणू? क्लेम नामंजूर. माझाही."

सोनाजींनी मांडीवर थाप मारली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "गड्यानं सोताचाबी सोडला नाय! अवं, जावई सरळ हाय आपला!"

"सरळ हाय तर जेवू द्या," म्हाळसाबाई म्हणाल्या. "धोंडे गार व्हायलेत. आन् परत त्या चाकावर बसायचं नाय, सांगून ठेवते."

वाण म्हणून चांदीच्या निरांजनांची जोडी मिळाली. ती महिन्यापूर्वीच गुलमंडीच्या बाजारात तनुजानंच पसंत केलेली. हे तिनं परतीच्या वाटेवर सांगितलं, डिकीत सायकल चाकं काढून ठेवलेली असताना.

"आधी का नाही बोललीस?"

"तुमची पाहणी व्हायची होती ना."

सोमवारी औरंगपुऱ्यातल्या सायकलच्या दुकानात काळी चाकं आणि टायरं बसली. त्यांचे पैसे अंगदनं दिले. त्याच आठवड्यात टेम्पोलाही नवी टायरं चढली; ते पैसे सोनाजींनी भरले, कुणी न सांगता. निरांजनंही त्यांचीच. सिल्लोडच्या फेरीचं पेट्रोल तेवढं तनुजानं टाकलं होतं. ते तिनं अजून मागितलेलं नाही.