सहा सुतांचा खांब

प्रकाशा गावच्या भूपेंद्र पाटलांकडे केळीची बाग होती, तापीचं पाणी होतं आणि माळ्यावर एक लढाऊ जहाज होतं. जहाज अख्खं नव्हे, त्याच्या डेकवरचं कॅटापल्ट तेवढं. दुसऱ्या महायुद्धात क्रूझर जातीच्या युद्धनौकेवरून छोटं विमान जोरात ढकलून उडवायचा तो लोखंडी सांगाडा. त्याचं छोटंसं मॉडेल भूपेंद्र फावल्या वेळात घडवत होता. गाव त्याला 'भूपेंद्रभाऊनी गोफण' म्हणे. गोफणीनं ज्वारीवरची पाखरं उडवतात, इथे पाखरूच गोफणीत घालायचं, एवढाच काय तो फरक.

हिशेब सुताराच्या मापाचा होता. खऱ्या जहाजावरचा एक फूट म्हणजे मॉडेलवरचं एक सूत, इंचाचा आठवा भाग. त्या नादात घरातून फूट हा शब्दच हद्दपार झाला होता. जे ते सुतात.

आणि सामान? ते त्याच्या बायकोचं, प्रतिभाचं. पावडरच्या डब्याच्या पत्र्याचे रूळ झाले, केसांच्या पिनांच्या तिरप्या पट्ट्या झाल्या, ब्लाऊजची टिचबटणं दोराच्या कप्प्या होऊन बसली. विमानाच्या पंखांवर तिच्या टिकल्या होत्या. बाईचा अर्धा शृंगार माळ्यावर चढला, तरी तिनं ब्र काढला नाही. कारण भूपेंद्रनं शब्द दिला होता, "हाई पुरं झायं का तुले समुंदर दखाडसू."

प्रतिभानं समुद्र पाहिला नव्हता. सुरतला ती कितीदा तरी गेलेली, पण प्रत्येक वेळी कोणाच्या ना कोणाच्या लग्नाचा बस्ता बांधायला. कापडबाजारातून गाठोडी घेऊन परत. समुद्र तिथून हाकेवर, पण हाक कोणी मारली नाही. गंमत म्हणजे जहाजवेड्या नवऱ्यानंही तो पाहिलेला नव्हता.

आणि कॅटापल्ट काही पुरं होईना. त्याचा एकच फोटो हाती लागलेला, आणि त्यात मधला खांब नेमका विमानाच्या पंखाआड लपलेला. भूपेंद्र मोबाईलवरून कुठकुठल्या परदेशी माणसांना विचारायचा. कोणी काही कळवलं की सगळं उकलायचं, पुन्हा जोडायचं.

"कधी व्हई वो पुरं?" प्रतिभा विचारायची.

"मधला खांब समजू दे. खोटा खांब मी लावाव नही."

"तवलोंग समुंदर आटी जाई!"

शेवटी तिनं ठरवलं, तूप सरळ बोटानं निघत नसेल तर बोट वाकडं करायचं. शहाद्याच्या बहिणीचं, मोहिनीचं, एक जास्तीचं सिम होतं. दोघी बहिणींनी डोकं लावून, शाळेत शिकलेलं सगळं शुद्ध मराठी गोळा करून निरोप लिहिला. भूपेंद्रनं चहा पिता पिता तो मोठ्यानं वाचला:

"मी कॅप्टन ईश्वर मयेकर, मालवण. नौदलातून निवृत्त. आपण विचारता ते जहाज माझ्या वडिलांनी स्वतः चढून मोजलं होतं. मधला खांब सहा सूत. शंका नसावी. आता काम पुरं करा आणि घरच्या माणसांना समुद्र दाखवा. त्याशिवाय मॉडेलात जीव येत नाही."

प्रतिभा पोळी लाटत होती. पोळीचा नकाशा झाला होता. भूपेंद्रनं निरोप पुन्हा एकदा मनात वाचला.

"माणूस जाणकार दिखस," एवढंच बोलून तो माळ्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी तो खाली आला तो हाताला डिंक माखलेला. "झायं पुरं. पिशवी भर."

सुरतजवळच्या डुमसच्या किनाऱ्यावर पोहोचले तेव्हा ओहोटी होती. समुद्र लांब जाऊन बसलेला. प्रतिभा चपला नवऱ्याच्या हाती देऊन काळ्या ओल्या वाळूतून तरातरा निघाली. पाणी घोट्याला लागलं तशी ती ओरडली, हसली आणि हसता हसता रडली. इतका आनंद तिला कोणत्याच लग्नात झाला नव्हता.

"कॅप्टनसाहेब!" मागून भूपेंद्रनं हाक मारली. "पानी कितलं शे? वीस सूत व्हई का?"

तिनं वळून पाहिलं. आसपास कोणी कॅप्टन नव्हता. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तिनं तोंडावर पदर धरला.

"खऱ्या जहाजवर सहा सूतना खांब!" भूपेंद्र पोट धरून हसत होता. "पाऊण इंच! त्यावर इमान काय, मुंगी बी उभी ऱ्हावाव नही. फूटले सूत म्हननारं घर जगमा एकच शे, प्रतिभा."

"समजनं व्हतं, तं बोलनात काब्रं नही?"

हातातल्या चपला त्यानं उगाच झटकल्या. "माले भेव वाटे. खरा समुंदर देखा का मन्ही गोफण खेळनं दिखी. म्हनीसन टाळी ऱ्हायंथू. तुन्हा निरोप वाचा, आनी मन्हीच माले लाज वाटनी. पहिला खोटा खांब लाया, तुन्हासाठे."

प्रतिभाला राग यायचा तो आलाच नाही. नवऱ्याबद्दल तिला भरून आलं. "मंग? दिखस का खेळनं?"

भूपेंद्रनं समुद्राकडे नीट पाहिलं. "दिखस," तो म्हणाला. "पन खेळनं चांगलं शे."

दोघं टमाट्याची भजी खायला बसले. दुसरी प्लेट संपेपर्यंत त्याला चैन पडेना. "घर गऊत का तो खांब काढना पडी. आंदाजना शे तो."

"काढा ना," प्रतिभा बोटं चाटत म्हणाली. "मालवणवालाना परत निरोप उना का, आते मालवणना समुंदर दखाडना पडी."